अँटेना तुटली तेव्हा सून बसस्टँडवर होती

त्या सकाळी आमी दोघं वांगी घेऊन इचोड्याच्या बाजाराला निघालो होतो. जुनी व्हॅन, मागं पोती, पुढं मी आणि बायको. गुडीहत्नूर सोडलं की ती रेडिओ लावायची. रेडिओ बोलायचा तेलुगूत. मला तेलुगू येते ती भाव सांगण्यापुरती. रेडिओवरचा माणूस भराभर बोलतो, ते माझ्या डोक्यावरून जातं. तिचं माहेर तेलुगू गावातलं. ती ऐकायची आणि मला आपल्या बोलीत सांगायची.

एका सुनेची गोष्ट होती. बाजाराच्या दिवशी आमी ऐकायचो, किती वर्षं चालली ते सांगता येत नाही. त्या दिवशी सून घर सोडून निघाली होती. पेटी घेऊन बासरच्या स्टँडवर बसली. एक बस माहेरी जाणार, एक परत नवऱ्याच्या गावाला. दोन्ही लागलेल्या.

मी म्हटलं, "तिचा नवरा कुठं हाये? मुका हाये का तो?"

"मुका नाई. त्याले वाटते, बोलाची गरजच नाई."

"मंग? कोन्त्या बसमधी बसली?"

तेवढ्यात खरखर सुरू झाली. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून अँटेनाची काडी वर ओढली, तर काडी बुडापासून तुटून तिच्या हातात आली. रेडिओ बंदच पडल्यासारखा झाला.

"घ्या," ती म्हणाली, "आता कसं कळन?"

"तूच सांग ना."

"मी काय रेडिओ हाये?"

काडी मांडीवर घेऊन ती हसत बसली. बाजार केला, चहा घेतला, घरी आलो. त्याच आठवड्यात ती गेली. छातीत दुखतं म्हणाली, चटईवर पडली, उठली नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले. लोक म्हणाले, रडून घ्या. रडायला काही आलं नाही. मला एकच लागून राह्यलं होतं, की ती सून कोन्त्या बसमधी बसली. असं काऊन लागलं ते मला ठाऊक नाही. बायको मेली आणि मी रेडिओतल्या बाईची काळजी करून राह्यलो. डोकं फिरलं म्हणावं तर वांग्याला पाणी रोज देत होतो.

बाजाराच्या आदल्या दिवशी व्हॅन घेऊन इचोड्याला मेकॅनिककडे गेलो. कार्यक्रमाची वेळ गाठायची म्हणून लवकर गेलो. त्याच्या तोंडात अजून ब्रश होता.

"चाचा, इतने सवेरे? बारात में जाना है क्या?"

"अँटेना बिठा दे. जल्दी."

"इस उमर में गाने सुनोगे?"

"गाना नई. कहानी."

स्क्रू गंजले होते, तेल सोडून काढावे लागले. त्यानं जुन्या वायरीच्या खालच्या टोकाला सुतळी बांधली आणि वायर वरून ओढून काढली, म्हणजे सुतळी आत राहिली. मग तिलाच नवी वायर बांधून खाली रेडिओपर्यंत ओढून घेतली. नवी काडी चकचकीत, जुन्या व्हॅनवर परक्यासारखी दिसत होती. रेडिओ लावला. आवाज इतका साफ आला की मी दचकलो.

त्याला तेलुगू चांगली येते, म्हणून मी त्याला शेजारी बसवलं. "क्या बोल रहा है, बता. औरत किस बस में बैठी?"

तो ऐकत राहिला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "चाचा, इसमें औरत नहीं है. भैंस है."

"भैंस?"

"थन में सूजन आई तो क्या करना, डॉक्टर बता रहा है."

"उसके बाद कहानी लगती होगी."

"उसके बाद कपास. किसानों का प्रोग्राम है, रोज का. मेरे ससुर कब से सुनते हैं. इसमें कहानी कब थी?"

"तेरे को नई मालूम," मी म्हटलं. तो हसला नाही. त्यानं हातानंच काच पुसून दिली.

परत येताना मला काही सुधरेना. एकदा मीच तिला विचारलं होतं, हा रेडिओवाला घडीघडी गेदे गेदे काऊन म्हणते? गेदे म्हणजे म्हैस, एवढं मला कळतं. ती म्हणाली होती, "सुनेच्या घरी म्हैस हाये ना." गाणं लागलं की म्हणायची, "आता सून रडून राह्यली." एकदा गोष्टीतल्या सासऱ्यानं वांग्यावर निंबोळीचं पाणी मारलं. मीही मारलं. अळी गेली. ते पाणी सासऱ्याचं की रेडिओवरच्या माणसाचं? आणि तो न बोलणारा नवरा कोण? मी तर बोलतो. बाजारात माझाच आवाज सगळ्यात मोठा.

मग वाटलं, मेकॅनिकला काय माहीत. गोष्ट बाजाराच्याच दिवशी लागत असन. उद्या बाजार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वांगी भरली. पोती सगळी मागं ठेवली, तिची जागा मोकळी ठेवली. गुडीहत्नूर सोडलं, रेडिओ लावला. तोच भराभर बोलणारा. मी कान देऊन ऐकलं. पहिल्यांदा गेदे आलं, मग पुन्हा गेदे. गाणं लागलं, संपलं. तरी कोणी सुनेचं बोलेना.

"मंग?" मी मोठ्यानं म्हटलं. सवयच होती.

मग मीच सांगायला लागलो. रेडिओ चालूच ठेवला. म्हटलं, सून बसून राह्यली. माहेरची बस गेली. नवऱ्याच्या गावची पण गेली. स्टँडवर कोणी उरलं नाही. मग एक जुनी व्हॅन आली, मागं वांग्याची पोती. चालवणाऱ्यानं काच खाली केली अन् म्हटलं, "पेटी मागं ठेव. पुढं जागा हाये. येतेस का?"

ती काय म्हणाली, ते मला सुचेना. घाट उतरेपर्यंत विचार केला. इचोडा आलं. मी काडी खाली दाबली, नीट बसवली, आणि वांगी उतरवली.