बटणावरचा हात

नवा टेपरेकॉर्डर घेतला तेव्हा मी स्वतःला मोठा जाणकार समजत होतो. माले गावी एक मेंढपाळ भेटला. बोलताना तो काठीवर हनुवटी टेकवायचा. मी पुण्याला निघालोय हे कळताच म्हणाला, "सायेब, माझी ओवी भरून घ्या. वाटंत कासार आंबोलीला धाकटी बहीण हाय, तिला ऐकवा. दोन वर्सं भेट न्हाई."

तो हळू गायला की मी बटण फिरवून आवाज वाढवायचो. शेवटी त्याने बहिणीला मोकळ्या गळ्याने हाक मारली, तेव्हा घाईने कमी केला. गाणारा तो, घाम मला! सगळं कसं एकसारखं गुळगुळीत झालं. अभिमानाने त्याला ऐकवलं.

काठीवरची हनुवटी उचलली गेली. "कानात बोललो त्येबी तेवढंच, आन डोंगरापल्याड हाक मारली तीबी तेवढीच? ह्यो मी न्हाई. बहीण वळखायची न्हाई. हात काढा त्या बटनावरनं!"

मी हात पाठीमागे बांधले आणि पुन्हा भरून घेतलं.

आंबोलीत ओवी ऐकायला त्याची बहीण पार यंत्रावर वाकली. मग हाक आली. मी दचकून मागे सरलो, ती मात्र धावत दारात गेली आणि डोंगराकडे तोंड करून ओरडली, "आले रं, दादा!"