शेणखताचं दुसरं साल

माझ्या तालमीतल्या जोडीदाराने मला फसवलं, आणि आमच्या वस्तादांनी माहीत असून ते झाकलं.

मानवतजवळच्या आमच्या गावात तालीम म्हणजे पत्र्याची खोली आणि तांबड्या मातीचा हौदा. तिथे आम्ही दोघे एकमेकांना रगडत मोठे झालो. मग एका उन्हाळ्यात त्याची मान, खांदे असे भरले की मला त्याचा पट निघेना, पाय ओढून त्याला खाली घेता येईना. त्याच्या पेटीत अंग भरायच्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या. तो रडला, सोडतो म्हणाला. सोडलंही. मी वर्षभर पेटी तपासत राहिलो, बाटली दिसली नाही; भरलेलं अंग मात्र उतरलं नाही. त्याचं 'सोडलं' मी तसंच पदरात घेतलं. आयुष्यात एवढा वाईट सौदा मी पुन्हा केला नाही.

पुढच्या जत्रेत शेवटची कुस्ती आम्हा दोघांचीच लागली. जोड बदला म्हणायला मी वस्तादांच्या शेतावर गेलो. ते शेणखत पसरत होते. यंदा एवढं टाकलं की तीन साल बघायचं काम न्हाई, असं खुशीत सांगत होते. मी इंजेक्शनांचा विषय काढला.

"तुमाला ठावं होतं?"

"होतं. साल झालं त्याला सोडून. आता रक्तात काय बी न्हाई."

"वस्ताद, शेणखताला तीन साल, अन् सुईला एकच?"

त्यांनी फावडं थांबवलं नाही. "रान येगळं, माणूस येगळा. माझ्यासंगं सालांचा बाजार करायलास का?"

मी चिडून लढलो आणि चितपट झालो. फेटा त्याला बांधला. त्या दिवसापासून मी हौद्यात उतरलो नाही. बैलांच्या बाजारात दलाल म्हणून शिरलो, स्वतःच्या जिभेच्या जोरावर उभा राहिलो. तिथे खोड लपवून बैल विकला तर तो परत दावणीला येतो, एवढा तरी न्याय आहे. माझी जीभ मात्र कुणाला सोसत नाही. सौदा झाला की माणसं उठतात. चहा मी एकटाच पितो. जत्रेला जातो तेव्हा मागे, रसवंतीजवळ उभा राहतो.

गेल्या महिन्यात परभणीच्या स्टँडवर तो दिसला. कुस्ती सोडून त्याला कित्येक वर्षं झाली, तरी सदऱ्यात खांदे तसेच. पण माझ्याच एसटीच्या तीन पायऱ्या चढला आणि धापा टाकत बसला. हृदय वाढलंय म्हणाला, जिना चढायला मनाई आहे. त्याने पिशवी मांडीवर घेऊन शेजारची जागा मोकळी केली. मी बसावं म्हणून सीटवर हात ठेवला.

मी मानवतपर्यंत उभा राहिलो. दांड्याला धरून त्याच्या डोक्यावरचे विरळ केस बघत होतो.

वस्ताद, तुम्ही अजून हयात आहात, जत्रेत अजून तुमच्याच हाताने जोड्या लागतात. येत्या जत्रेत कुस्त्यांच्या फडात उभे राहा आणि चार गावांसमोर सांगा, त्या दिवशी ती जोड बरोबरीची होती का? आणि त्याला ती पहिली सुई कुणी आणून दिली?