खुब्याला टाकी

मी भोसरीत ज्या वर्कशॉपमध्ये आहे, तिथे खुब्याच्या ऑपरेशनसाठी टायटॅनियमचे कृत्रिम सांधे बनतात. बारीक कणांचा मारा करून आणि ॲसिडमध्ये बुडवून आम्ही ते मुद्दाम खरखरीत करतो. सासूबाईंचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यांना धीर यावा म्हणून मी एक नमुना घरी आणला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि घासणी घेऊन तो घासायला सुरुवात केली.

“आई, अहो, ते तसंच असतं,” मी म्हणालो.

“जावईबापू, असलं ओबडधोबड माझ्या अंगात घालणार?”

“गुळगुळीत असलं तर हाड त्याला धरत नाही. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घेतो ना, तसंच.”

हे त्यांना इतकं पटलं की ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं, “टाकी नीट लावलीय ना? नाहीतर आमचे जावई लावून देतील.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी औषधांच्या पिशवीत उगाच काहीतरी शोधू लागलो.

आता त्या काठीशिवाय जिना चढतात आणि चिखलीतल्या आमच्या सोसायटीत कुणाचा गुडघा दुखला, की त्याला थेट माझ्याकडे पाठवतात.