दारातल्या मुलीला पाणी
संत्र्याच्या सालीत नख रुतवलं की मला पांढुर्ण्याच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. रामाकोन्याहून आलेली आत्या पलंगावर संत्री सोलत होती आणि मी लॅपटॉपवर माझा लाडका भुताचा गेम तिला वाचून दाखवत होते. त्यात चित्रं येतात, खाली गोष्ट उमटते आणि अधूनमधून काय करायचं ते आपण निवडायचं. बंद दाराबाहेर एक मेलेली मुलगी उभी असते. दार उघडा किंवा उघडू नका, शेवट वाईटच. भीतीपासून सुटका नाही, हेच बनवणाऱ्याला सांगायचंय, असं आम्हा चाहत्यांच्या ग्रुपवर ठरलेलं होतं, आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा. आत्या म्हणाली, "काऊन उभी करून ठेवली तिले? पाणी तं विचार." मी म्हटलं, "आत्या, भूत आहे थे." "मंग? दारात आली ना?" तिचं मन राखायला मी गोष्टीत मागे गेले. स्वयंपाकघराच्या चित्रात टेबलावर पाण्याचा पेला होता. शोभेचा समजून आमच्यापैकी कुणी त्याला हातच लावला नव्हता. मी तो उचलला आणि मग दार उघडलं. मुलगी पाणी प्यायली, पेला परत दिला आणि निघून गेली. पडद्यावर पहिल्यांदाच सकाळ झाली. आत्याने माझ्यापुढे फोड धरली, "हं, पुढं वाच." पुढे काहीच नव्हतं. आजही ग्रुपवर कुणी लिहिलं, की गेम बनवणाऱ्याला आपल्याला फक्त घाबरवायचं होतं, तर मी ठणकावून सांगते: नाही, तिला पाणी कोण विचारतं, याची तो वाट पाहत होता.