जहाजावरचा मुलगा काय म्हणाला

आमचा काळा-पांढरा टीव्ही लावला की चित्र उमटण्याआधी त्याचा वास येई. आत कुठेतरी तापणाऱ्या धुळीचा, नुकत्याच इस्त्री केलेल्या सुती कापडासारखा तो उबदार वास मार्गळी महिन्यातल्या गारठलेल्या सकाळी खोलीभर पसरे, त्यात स्वयंपाकघरातल्या कॉफीच्या डिकॉक्शनचा कडवट गंध आणि न्हाणं उरकून आलेल्या शेजारणींच्या केसांतली शिकेकाई मिसळे, आणि मग निळसर उजेडात जपानी कार्टूनमधला एक मुलगा जहाजाच्या टोकावर उभा राहून हिंदीत बोलू लागे. रविवार माझ्यासाठी त्या क्षणी उजाडत असे.

तांबरमच्या त्या बैठ्या घरांच्या ओळीत टीव्ही आमच्याकडेच होता, आणि हिंदी कोणालाच येत नव्हतं. म्हणजे आम्हालाही नव्हतं. पण आम्ही तंजावरचे मराठी. कावेरीकाठी कित्येक पिढ्या भात खाऊनही घरात मोडकीतोडकी का होईना मराठी राखलेले. मराठी माणसाला हिंदी येणारच, अशी ओळीतल्या बायकांची बालंबाल खात्री होती. आईचं हिंदी आणि माझं जपानी एकाच तोलाचं. पण लोकांनी बहाल केलेला मान परत करण्याचं धैर्य तिच्यात नव्हतं. ती पदर सावरून टीव्हीशेजारी बसे आणि पडद्यावरचे ओठ हलले की भारदस्त तमिळमध्ये अर्थ सांगू लागे.

सुरुवातीला सगळाच ठोकून दिलेला कारभार होता. पुढे मी शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंकडे हिंदी शिकू लागले आणि आईच्या पाठीशी बसून मला उमगेल ते आमच्या घरच्या मराठीत हळूच सांगू लागले. डाळ मी शिजवून द्यायची, फोडणी तिनं घालायची, असं आमचं चाले. गोष्ट तशी साधी होती. दीपगृहाच्या रखवालदाराचा मुलगा वारा कुठे जन्मतो ते शोधायला उडत्या लाकडी जहाजातून निघाला आहे, आणि दर भागात नवं बेट, नवी माणसं. ओळीतली पोरं त्याला कप्पल पय्यन म्हणत, जहाजवाला पोरगा. मी तर त्याच्यासाठी वेडी झाले होते. त्याच्या राखाडी दिसणाऱ्या कोटाला मी मनोमन गडद निळा रंग देऊन टाकला होता.

प्रेक्षकांत एक जण मात्र करमणुकीसाठी आलेलं नव्हतं. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या सरोजा अक्का दाराशी, उंबऱ्याला टेकून बसत. त्यांचा मुरळी गिंडीच्या एका कारखान्यात लेथवर काम करी. बापाशी कडाक्याचं भांडून तो एका सकाळी नेहमीच्या गाडीनं कामाला गेला, तो कामावर पोचलाही नाही आणि घरीही परतला नाही. तेव्हापासून अक्कांनी दारात कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, घालणं सोडलं होतं. आमच्याकडे घरात मृत्यू झाला की सुतकाचे दिवस उंबऱ्यापुढची जमीन कोरी ठेवतात. अक्कांचं अंगण महिनोन् महिने कोरं होतं, आणि त्याबद्दल त्यांना विचारायची छाती कोणाचीच होत नव्हती. जहाजावरच्या त्या मुलाकडे मात्र अक्का पापणीही न लववता पाहत.

बरेच भाग उलटल्यावर एका रविवारी कप्पल पय्यनला आपण घर सोडलं तो दिवस आठवला. धक्क्यावर त्याची आई उभी आहे, दोर सुटला आहे, जहाज वर उचललं जात आहे, आणि तो ओरडून काहीतरी सांगतो आहे. मला प्रत्येक शब्द कळला. मी आईच्या कानाशी लागून म्हटलं, "माझी वाट बघू नकोस म्हणतोय. परत येणार नाही म्हणतोय." एरवी आईची जीभ क्षणभरही अडखळत नसे. त्या दिवशी जहाज ढगात ठिपक्याएवढं होईपर्यंत ती बोललीच नाही. खोलीत सगळे तिच्याकडे पाहू लागले, अक्काही. मग ती तमिळमध्ये, अगदी शांतपणे म्हणाली की तो म्हणतो आहे, अम्मा, वारा सापडला की त्याच वाऱ्यावर बसून मी घरी येईन.

दुसऱ्या दिवशी पहाटे दूध आणायला निघाले तर अक्का ओणव्या होऊन दारात कोलम घालत होत्या. ठिपके वाकडेतिकडे पडत होते, सवय मोडली होती. तरी त्यांनी तो चांगला दारभर मोठा काढला. घरी येऊन आईला सांगितलं, तर तिनं चुलीवरची नजर न काढता एवढंच म्हटलं, "तो पोरगा काय म्हणाला हें कोणास सांगू नक्को, बाई." मी सांगितलं नाही.

वर्षं गेली. मी गिंडीतच एका कचेरीत नोकरीला लागले, घरात रंगीत टीव्ही आला, छपरावरून केबलची काळी तार आली. मुरळीची काही खबर आली नाही. अक्कांच्या नवऱ्याला दुसरीकडे अधिक हवेशीर घर मिळत होतं, पण मुलाला हाच पत्ता ठाऊक आहे म्हणून अक्कांनी ती ओळ सोडली नाही. आणि मग एक दिवस जाहिरात झळकली: आमची ती मालिका जपान्यांनी नव्यानं, पुन्हा पहिल्यापासून काढली होती आणि ती येणार होती तमिळमध्ये. नोकरी करणारी घोडी झाले होते, तरी मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. आईचा चेहरा मात्र उतरला. आता प्रत्येक शब्द अक्कांना थेट कळणार होता. मी तिची समजूत घातली की तो प्रसंग फार पुढे येतो, तोवर काहीतरी निमित्त काढून त्यांना टाळता येईल. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

पहिल्या भागाला अक्का न बोलावता आल्या. आता त्यांना खाली बसवत नव्हतं. आईनं खुर्ची दिली. पडदा उजळला आणि पहिल्या झटक्यातच माझा विरस झाला. कोट नारिंगी होता! समुद्र औषधाच्या बाटलीसारखा हिरवा, डोळे उगाच मोठे केलेले, सुरुवातीची ती संथ धून जाऊन तिच्या जागी नुसता ढणढणाट. माझ्या बालपणाची भिंत कोणीतरी न विचारता रंगवून गेलं आहे, असं वाटून मी मनातल्या मनात एकेक खोट काढत बसले, आणि म्हणूनच समोर धक्का आला आहे, दोर सुटतो आहे, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं. जुन्या लोकांनी आठवण म्हणून जपून ठेवलेला तो प्रसंग नव्या लोकांनी घाईघाईनं पहिल्याच भागात आणून ठेवला होता. आई अर्धवट उठली. माझा हात रिमोटकडे गेला. पण मुलगा ओरडला होता, स्वच्छ, खणखणीत तमिळमध्ये: "अम्मा, एनक्काग कात्तिरुक्कादे. नान तिरुंबि वर माट्टेन." माझी वाट बघू नकोस. मी परत येणार नाही.

आई खाली पाहत होती. अक्कांच्या तोंडून आता काय निघेल, ते मला कळेना. त्या रडतील, आईला बोलतील, किंवा नुसत्या उठून जातील. तिन्हींपैकी काहीच मला सहन झालं नसतं.

अक्का उठल्या. गुडघे धरत टीव्हीपर्यंत गेल्या, बटण चाचपून आवाज पार बंद केला आणि परत येऊन बसल्या. ह्यांना गोष्ट नीट ठाऊक नाही, त्या तमिळमध्ये म्हणाल्या. सगळं बिघडवून ठेवलंय. मग आईच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "नी सोल्लु, रुक्कू." तू सांग.

त्या स्वरात राग नव्हता, आणि भाबडेपणाही नव्हता. इतकी वर्षं मी समजत होते की आई अक्कांना सांभाळते आहे, आणि अक्कांना त्याचा पत्ता नाही. त्यांना नक्की काय आणि केव्हापासून माहीत होतं, ते मी तेव्हा विचारलं नाही, आणि पुढेही विचारायची हिंमत झाली नाही.

आईनं घसा साफ केला. अम्मा, वारा सापडला की त्याच वाऱ्यावर बसून मी घरी येईन, असं म्हणतोय तो. अक्कांनी मान हलवली.

"अप्पुरम?" त्यांनी विचारलं. मग पुढे?

पडद्यावर कुठल्याशा साबणाची जाहिरात लागली होती. तरी आई सांगत राहिली.