चेअरमनना दोनदा नमस्कार

पाच दिवस न्यू जर्सीतल्या साहेबलोकांच्या शर्टांना इस्त्री करायची आणि शनिवारी चर्चच्या तळघरातल्या भाषेच्या वर्गात कोरियन पोरांच्या जिभांना, असा प्यो मालसुनबाईंचा बावीस वर्षांचा शिरस्ता. शर्ट उलटून बोलत नसत, एवढाच काय तो फरक.

बाईंची बोली कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कोळ्यांची. पोरांनी तीच उचलली. गारम नावाच्या सात वर्षांच्या पोरीनं सोलहून आलेल्या मावशीला, "काय गं भवाने, गिळलंस का?" असं मायेनं विचारलं, तर मावशीचा घास घशातच अडकला.

तक्रार वर्गाच्या कमिटीचे चेअरमन ह्वांगबो यांच्याकडे गेली. फर्निचरचं दांडगं दुकान, प्रार्थनेला पहिल्या रांगेत जागा, आणि सोलहून आलेली सर्टिफिकेटवाली भाची, असं सगळं त्यांच्यापाशी होतं.

"बाई, मुलं मासळीबाजारात वाढल्यासारखी बोलतात," ते म्हणाले. "नववर्षाचा कार्यक्रम तेवढा पार पाडा. पुढच्या महिन्यापासून वर्ग भाचीकडे."

बाईंनी फळा पुसायला घेतला. वर्ग गेला तर शनिवारी काय, घरच्या भिंतीला अक्षरं शिकवायची?

पण काम अंगचोरपणे करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. महिनाभर त्यांनी चाळीस पोरांकडून नमस्कार घोटून घेतला. "हातावर हात ठिवून जित्या माणसाम्होरं एकदाच वाकायचं. दोनदा वाकत्यात ते मेलेल्याम्होरं. आन् तवा वरचा हात खाली, खालचा वर. ध्यानात ऱ्हाईल?"

"व्हय बाई!" चाळीस गळे.

कार्यक्रमाच्या दिवशी चेअरमन रेशमी अंगरख्यात, चितारलेल्या पडद्यापुढं गादीवर बसले. पोरं एका दमात वाकली, एका दमात उठली. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात कळलं, की कोरियन साप्ताहिकाच्या फोटोवाल्याचं तोंड तांदळाच्या वड्यांच्या सुपात होतं आणि फोटो राहूनच गेला.

"पुन्हा एकदा!" चेअरमननी फर्मावलं.

"आवो, पुन्यांदा न्हाई चालत—"

"बाई, मध्ये बोलू नका. फोटो महत्त्वाचा आहे."

भाचीनं माईक घेतला. "चला मुलांनो, दुसरा नमस्कार! एक, दोन..."

पोरांनी बाईंकडं पाहिलं. मोठ्यांचा शब्द मोडायचा नाही, हेही बाईंनीच शिकवलेलं. चाळीस पोरांनी वरचा हात खाली घेतला, खालचा वर. फोटो निघाला आणि पोरं वाकली.

स्वयंपाकघराच्या दारात एका म्हातारीच्या हातातला डाव पडला.

गारम उठली, चेअरमनना न्याहाळून म्हणाली, "बाई, ह्ये कवा मेलं?"

बुधवारी साप्ताहिक घरोघर पोचलं. फोटो झकास आला होता, चाळीस जोड उलटे हात अगदी स्पष्ट. दुपारपासून ह्वांगबोंच्या घरी फोन सुरू झाले. "फार वाईट झालं वहिनी. कधी गेले?" दुकानात पांढऱ्या फुलांची दोन चक्रं येऊन पडली. ती पोचल्याची सही चेअरमननी स्वतःच्या हातानं केली.

ते पहिल्या रांगेतले भाविक. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हताच. फक्त गुरुवारी त्यांना छातीत कळ आली, आणि शुक्रवारी ते बाईंच्या लाँड्रीत शिरले. हातात शर्ट नव्हता.

"बाई, यावर काही उतारा असेलच ना तुमच्या गावाकडे?"

बाईंच्या गावाकडं असला काही उतारा नव्हता. बाईंनी इस्त्री उभी ठेवली. "हाय की. पर अवघड हाय. जी पोरं मेलं म्हून दोनदा वाकली, त्यास्नी तुमी जितं दिसाया पायजे. दर शनिवारी. वरीसभर."

"आणि शिकवणारी..."

"तीच पायजे. बाई बदलली की उतारा फुकाट."

भाचीला पियानोचा वर्ग मिळाला. तळघरात शेवटच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून, चेअरमन येऊन बसले. बाईंनी हजेरीची वही उघडली.

"गारम?"

"हजर!"

"चेअरमन ह्वांगबो?"

"हजर," चेअरमन पुटपुटले.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मोठ्यानं बोला. पोरांची खात्री पटाया पायजे."