‘परत’चं घर

आपण नसू तेव्हा या पोराच्या वतीने बोलणार कोण, ही काळजी प्रेमाबाईंच्या मनातून हलत नव्हती. त्यांचा मुलगा श्रेयांस सव्वीस वर्षांचा झाला तरी बोलताना अडखळायचा. त्यात शब्दाच्या सुरुवातीला ‘प’ आला की ओठ मिटायचे ते मिटायचेच. म्हणून तो सहसा तसे शब्द टाळूनच बोले. मंगरूळपीरच्या स्टँडवर कंडक्टरने कुठे जायचं विचारलं, की त्याच्याआधी प्रेमाबाईच सांगून मोकळ्या होत.

अकोल्याची एक लहान कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. तिचं काम तो घरूनच करी. काम सगळं लिहिण्याचं, म्हणून निभावलं. पण गेल्या महिन्यात साहेबांनी त्याला टीमचा प्रमुख केलं आणि प्रेमाबाईंचा धीर सुटला. आता बोलावं लागणार, लोक हसणार. त्यांनी वाशिमला भावाकडे, कस्तुरचंदकडे, शब्द टाकला. त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात हा गल्ल्यावर बसला असता. भावाने लगेच होकार दिला. श्रेयांसला सांगणं तेवढं बाकी होतं.

त्या दुपारी टीमची ऑनलाइन मीटिंग होती. कामात नुसता गोंधळ चालला होता. दवाखान्याची तक्रार कोणी फोनवर घेई, कोणी व्हॉट्सॲपवर. एकच चूक दोघं दुरुस्त करत बसत आणि दुसरीकडे कोणी ढुंकून पाहत नसे. तक्रार नोंदवल्यापासून मिटेपर्यंत कुठल्या कुठल्या टप्प्यांतून जाणार, ते आज सगळ्यांनी मिळून ठरवायचं होतं. इअरफोन बिघडल्यामुळे सगळ्यांचे आवाज खोलीबाहेर येत होते. प्रेमाबाई दाराशी डाळ निवडत बसल्या.

विकास नावाच्या मुलाने अकरा टप्पे वाचून दाखवले.

“अरे बाप्पा, तेवढ्यात पेशंट बरा होऊन घरी जाईन,” यूसरा म्हणाली. झालेलं काम तपासणं हे तिचं काम. सगळे हसले.

“च... चार बस,” श्रेयांस म्हणाला. “नवं. सुरू. तपास. बंद.”

प्रेमाबाईंचा हात थांबला. ज्याला एकेक शब्द ओढून काढावा लागतो, त्याने अकराचे चार करून ठेवले होते आणि कोणाला काही कमी वाटत नव्हतं.

“मंजूर,” विकास म्हणाला. “काम ज्यानं केलं, त्यानंच बंद करायचं.”

“नाही. यूसरा करीन,” श्रेयांस म्हणाला.

“काहून? माह्यावर भरोसा नाही का?”

“विकासभाऊ, रक्तगट चुकीचा छापून येते, ती तक्रार तुम्ही तीनदा बंद केली,” यूसरा म्हणाली. “दवाखान्यातली सिस्टर मले झापून राह्यली, तुमाले नाही!”

विकास चिडून म्हणाला, “मंग चूक निघाली त कुठं टाकायची?”

“त्याले अजून एक घर लागते,” श्रेयांस म्हणाला. “तिथून ते काम...” आणि ओठ मिटले.

प्रेमाबाईंना शब्द कळला होता. परत. ‘वापस’ म्हणून त्याला सुटता आलं असतं, असा तो शेकडो वेळा सुटला होता. आज तो सुटत नव्हता. त्या ताट ठेवून उठल्या. कडीला हात गेला. आत जाऊन म्हणून टाकावं, झालं.

पलीकडे कोणी हसत नव्हतं. कोणी त्याचा शब्द पुरा करून देत नव्हतं. चिडलेला विकासही थांबला होता.

“प... प... परत,” श्रेयांस म्हणाला. “परत जाईन. ज्यानं केलं त्याच्याकडे. बंद फक्त यूसरा करीन. माझं कामही तीच.”

“तुझंबी?”

“आधी माझंच तपासीन ती.”

“मंग माहं काय म्हणणं राह्यलं?” विकास म्हणाला. “लाव ते घर, भाऊ.”

“रऊफ, तू बोलला नाहीस,” श्रेयांसने टीममधल्या आणखी एका मुलाला विचारलं.

“चालते ना,” कोपऱ्यातून आल्यासारखा आवाज आला.

प्रेमाबाईंनी कडीवरचा हात हळूच काढला. श्रेयांसचा आवाज त्या त्याच्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या, तरी आज तो वेगळाच वाटला. सगळी माणसं त्याच्या एका शब्दासाठी थांबली होती आणि त्यानेही घाई केली नव्हती. इतकं बळ त्याने कुठून आणलं, त्यांना उमगेना. बी.ए. झालेल्या आपण, त्याच्या तोंडचा शब्द हिसकावण्यापलीकडे त्याला काय शिकवलं?

दुकानात जागा करून ठेवल्यावर नाही म्हटलं, तर कस्तुरचंद रागावणार होता. रागावू दे. आतली मीटिंग अजून चालू होती. ती संपायच्या आधीच भावाला फोन लावायचा, असं ठरवून त्या ओसरीत गेल्या.